रंगाऱ्याचं गणित

रंगारी सकाळी हौद ढवळत होता. चिऊ शाळेला निघता निघता म्हणाली, "बाबा, काल शाळेत सगळ्यांचं रक्त तपासलं. माझं ओ निघालं." तो हसला, आणि मग काठी हातातच राहिली. त्याचं रक्त ए, बायकोचं बी. चिऊच्या जन्माच्या वेळी दवाखान्यात सांगितलेलं त्याला चांगलं आठवत होतं.

आता रंगाऱ्याचं डोकं ते रंगाऱ्याचंच. तांबड्यात निळा घातला तर जांभळा होईल, फार तर मळका होईल, पण त्या हौदातून कोरं कापड काही निघायचं नाही. मग ए आणि बी यांच्या पोटी दोन्हींतलं काहीच नसलेलं पोर आलं कुठून?

उत्तर त्याच्याकडे आधीपासून तयार होतं. सूत घेऊन येणारा विक्रेता दारात टेकला की बायको खळखळून हसायची. आपल्याशी ती तशी कधी हसत नाही, हा काटा रंगाऱ्याच्या मनात कैक वर्षं सलत होता. त्यानं सूतवाल्याला आडून आडून रक्तगट विचारला. तो बिचारा सरळपणानं म्हणाला, "ओ." रंगाऱ्याच्या अंगाची लाही लाही झाली. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं, तसं त्याला आता चिऊच्या नाकडोळ्यांतही सूतवालाच दिसू लागला.

त्यानं आईच्या कानावर घातलं. आई म्हणाली, सून दूरच्या मुलखातली, त्यांचं रक्तच निराळं, आपल्या घराण्यात असलं कुणी नाही. तिनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यावी.

बायकोनं हातातलं पीठ झटकलं. "शपथ चोरानं घ्यावी," ती म्हणाली आणि चिऊला घेऊन बहिणीकडे निघून गेली. तिला कुणी अडवलं नाही.

तिला कायमची दूर करायची तर हातात पुरावा हवा, म्हणून रंगारी दवाखान्यात गेला. डॉक्टरीणबाईंनी त्याचं हौदाचं गणित ऐकून घेतलं.

"रक्त रंगासारखं मिसळत नाही," त्या म्हणाल्या. "मुलाला एक वाटा आईचा, एक बापाचा. ए माणसात ओचा वाटा दडून बसू शकतो, बी माणसातही. असे दोन दडलेले वाटे एकत्र आले की मूल ओ. यावरून तुमच्या बायकोकडे बोट दाखवता येत नाही."

"पण आमच्या घराण्यात ओ नाहीच."

"कुठे बी जास्त, कुठे ओ जास्त, एवढाच काय तो फरक. माणसं हिंडली, सोयरिकी झाल्या, वाटे सगळीकडे पसरले. कुठलंही रक्त एका घराण्याच्या मालकीचं नसतं. आईला विचारा."

आई शेंगा सोलत होती. तिनं मान वर केली नाही. "माझं ओच आहे."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"ती आल्यापासून तू माझा राहिलाच नव्हतास," आई म्हणाली. "वाटलं, जातेय तर जाऊ दे."

रंगाऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो तसाच मेहुणीच्या घरी गेला. बायकोसमोर हात जोडले, चुकलो म्हणाला, आईचं रक्तही सांगून टाकलं. ती उठली आणि पिशवीत कपडे भरू लागली. रंगाऱ्याचा जीव भांड्यात पडला.

चिऊ त्याच्या मांडीवर येऊन बसली. त्यानं तिचे केस सारखे केले आणि हळूच विचारलं, "काय गं, सूतवाले काका इकडे येतात का?"

आतल्या खोलीतला कपड्यांचा आवाज थांबला.

बायको दारात आली. रागावलेली दिसत नव्हती, फार दमलेली दिसत होती. "आज रक्त माझ्या बाजूनं बोललं म्हणून आलात," ती म्हणाली. "उद्या ते गप्प राहिलं तर माझ्या शब्दाला तुमच्या घरात काय किंमत? पोरीला भेटायला कधीही या. मला न्यायला येऊ नका."

ती आत गेली आणि पिशवीतले कपडे एकेक करून पुन्हा फळीवर ठेवू लागली. रंगारी उंबऱ्यापाशी उभा राहिला. सूतवाला इकडे येत नाही, एवढं तरी तिनं सांगायला हवं होतं, असं त्याच्या मनात तेव्हाही येत होतं.