पन्नास पावलांच्या आतली निळाई

देवानं निळा रंग आकाशाला दिला, पाण्याला दिला आणि उरलासुरला तणकाकांना दिला. तणकाका म्हणजे तळ्याभोवती माजलेलं तण मारायला नेमलेले गृहस्थ. फवारणीच्या औषधात निळा रंग कालवतात, म्हणजे कुठे मारलं अन् कुठे राहिलं ते कळतं. काकांकडे पाहून वाटायचं, राहिलं कुठेच नाही! नखं निळी, कान निळे, आणि काकूंच्या घरातला एकूण एक टॉवेल निळा.

त्या तळ्यात बोटभर लांबीच्या मासोळीची एक जात होती. दुसरीकडे कुठे उरलीच नव्हती. तण माजलं तर पाण्याला ऊन मिळेना, ती गुदमरणार. औषध पाण्यात गेलं, तरी ती जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. म्हणून नियम असा की पाण्यापासून पन्नास पावलांच्या आत थेंब नाही. तिथलं तण हातानं उपटायचं.

"काठावर निळा ठिपका दिसला, तर पंप जप्त आणि तुम्ही गोदामात," असं मासेबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. या बाई मासोळ्या मोजायच्या. दोन वर्षांत नऊ मोजल्या होत्या, त्यातली एक बहुतेक दोनदा.

काका पन्नास पावलं मोजायचे ती देवाचं गाणं म्हणत, ठेक्याला एक पाऊल. आणि एका सकाळी मासेबाईंची हाक आली, "काका! आधी इकडे या!"

काठावरच्या दगडांवर निळे डाग. एक, दोन, सात. शेवटचा पाण्यापासून चार बोटांवर.

काल तिसऱ्या कडव्याला सूर असा काही लागला होता, की त्यांचे डोळे मिटले होते. डोळे मिटले की देव दिसतो हे खरं, पण पावलं दिसत नाहीत.

"मी नाही मारलं, बाई. म्हणजे... मारलं नसावं."

"मग काय मासोळीनं मारलं?"

"तिच्याकडे पंप कुठाय?" काका अगदी मनापासून म्हणाले.

"हसू नका! हल्ली मी फवारणी झाल्या झाल्या येते, तुमच्या ओल्या तणातून थेट पाण्यापर्यंत. म्हणून तर चोरी ताजी सापडली."

काकांनी पाठीवरचा पंप उतरवला. "घ्या. गोदाम तर गोदाम. पण आधी हे दगड उचलू. पाणी चार बोटं चढलं, तर त्या बिचाऱ्या कुठे जातील?" आणि ते एकेक दगड बादलीत भरू लागले, झोपलेलं मूल उचलावं तसे.

एवढ्यात काकू डबा घेऊन आल्या. त्यांनी बादलीत डोकावून पाहिलं, मग काठावर उरलेली डागांची रांग.

"अहो, हे तुमचं नाही."

"अगं, तुला काय कळतंय त्यातलं?"

"अकरा वर्षं दारापासून मोरीपर्यंत तुमचे निळे पाय पुसतेय, मला नाही कळणार? तुमचा डावा पाय फेंगडा पडतो. हा पाय सरळ आहे, शिकलेला." मग त्या वळल्या. "बाई, जरा पाय वर करा बरं."

मासेबाईंनी गमबूट वर केला. तळ निळाशार.

"पायात निळं आणि तळ्याला वळसा!" काकू म्हणाल्या.

मासेबाई वरून लाल, खालून निळ्या. "नियम म्हणजे नियम," त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या. "मीच जाते गोदामात."

"कुणी कुठे जात नाही, पोरी. पायताण उंबऱ्याबाहेर, हा माझ्या घरचा नियम. तोच इथे लावा." काकूंनी पन्नास पावलांवर दोरी बांधली आणि पहिले बूट मासेबाईंचेच बाहेर ठेवले.

दुसऱ्या दिवशी मासेबाई अनवाणी पाण्यात उतरल्या आणि किंचाळल्या, "काका, चावतायत!"

टाचांना मासोळ्या लुचत होत्या. बाईंनी हसत हसत चौदा मोजल्या. पंधराव्या गुदगुलीला त्या धपकन पाण्यातच बसल्या. दोरीपलीकडे काका गात होते, या वेळी डोळे टक्क उघडे ठेवून.

काकूंनी टॉवेल पुढे केला. अर्थातच निळा. तेव्हा मासेबाई कुडकुडत पन्नास पावलं मागे गेल्या, आणि मगच त्यांनी अंग पुसलं.