बाजाराचं माप झालेली पाटी

मी एक जुनी बांबूची पाटी आहे, पण जुनी म्हणून हिणवू नका हं, मित्रांनो! पेणच्या बुरुडाने मला विणलं आणि वरसे गावच्या बायजाबाईने डोक्यावर घेतलं. तिच्या परसातला माठ, अळू, तोंडली घेऊन आम्ही दोघी आठवडी बाजाराला जातो. माझी माउली बसते ती एवढ्याशा जागेत.

शेजारी इकबालचाचांची भांडी. टेम्पोभर पातेली ते ऐसपैस मांडत. पण बाजारकर दोघांना सारखाच! सब घोडे बारा टक्के!

"तमीम, भाजी इकून माझ्या हातात उरतं काय नि तू नेतोस काय? मला नाय परवडत. मी बाजार सोडते," बायजाबाई एकदा कर गोळा करणाऱ्या तमीमला म्हणाली.

तमीम कळवळला. "मावशी, जागा मोजत बसलो तर दुपार व्हायची. सरसकट घेतलं की काम झटपट होतं."

तरी तिला थांबवायला बिचारा पुढच्या बाजारी टेप घेऊन आला. मग काय विचारता! "टेप सरळ धर!" "माझी गोणी कशाला मोजतोस?" नुसता कल्ला. गिऱ्हाइकं कंटाळून गेली. बायजाबाई डोळे पुसत भाजी आवरू लागली. मला तर रडूच कोसळलं.

तेवढ्यात इकबालचाचांनी मला रिकामं केलं आणि आपल्या मांडणीच्या कडेने मला पुन्हा पुन्हा टाकत, मोजत निघाले. "बघ, माझी जागा आठ पाट्यांची. पाटीमागे कर लाव. चटकन होतं, नि सगळ्यांना दिसतं."

"चाचा, तुम्हाला जास्त पडेल."

"पडू दे रे! बायजाबाई गेली तर सकाळचा चहा मी कोणासंगती घेऊ?"

एकूण वसुली तेवढीच भरतेय म्हटल्यावर तमीमचा मालक, कराचा ठेकेदारही राजी झाला. तेव्हापासून मी अख्ख्या बाजाराचं माप आहे! चाचांनी पातेली एकात एक रचली, त्यामुळे माणसांना चालायला वाट झाली.

मित्रांनो, एकच मागणं. माझा काठ झिजला तर माप लहान होईल आणि साऱ्यांचाच कर वाढेल. म्हणून मला भिजू देऊ नका, वेळच्या वेळी बांधून घ्या.

गेल्या बाजारी तोंडली भरपूर आली होती. तमीमने सवयीने एका पाटीची पावती फाडली आणि पुढे गेला. बायजाबाईने त्याला हाक मारली.

"अरे थांब! आज दोन पाट्यांची जागा घेतली हाय मी. दोनाचे घे की!"