काच शाबूत आहे

फ्रेमवाल्यांना काच फुटल्याचा आवाज नवा नव्हता. उभा जन्म काच कापण्यात गेला, आणि काच म्हटली की अधूनमधून फुटणारच. पूर्वी असा आवाज आला की ते आधी दुकानातल्या गिऱ्हाइकाकडे डोळे वटारून बघायचे आणि मग झाडू शोधायचे. पण हल्ली एवढासा 'टक' झाला तरी ते हातातलं काम टाकून उठायचे. कारण तो आवाज दुकानातल्या काचेचा नसायचा, भिंतीवरच्या काचेचा असायचा.

इमारत जुनी होती. तळमजल्यावर एके काळी बर्फाचा कारखाना आणि वरच्या दोन मजल्यांवर त्याच्या कामगारांसाठी बांधलेल्या खोल्या. कारखाना कधीच बंद पडला, खोल्यांमधली माणसं राहिली, त्यांची मुलं राहिली, मग भाडेकरू बदलत गेले. पहिल्या मजल्यावर जिन्यालगतच्या खोलीत फ्रेमवाल्यांचं दुकान आणि त्याला लागूनच घर. घरात ते, बायको आणि नात. नातीचे आईवडील कामासाठी परगावी असल्यामुळे ती इथेच शाळेत जायची.

मग नवा मालक आला. बर्फाच्या कारखान्याचं तो खाण्यापिण्याचं मोठं दालन करणार होता. मधे एकही भिंत नाही, सगळं कसं ऐसपैस. 'जुनेपण जपून' असं बाहेरच्या फलकावर लिहिलं होतं. जुनेपण जपायचं म्हणजे काय, तर गिलावा खरवडून विटा उघड्या पाडायच्या आणि वर राहणाऱ्या जुन्या माणसांकडे काणाडोळा करायचा. सगळ्या रस्त्याचं तेच चाललं होतं. समोरच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात आता महागडी कॉफी मिळायची आणि भिंतीवर शोभेला एक सायकल टांगलेली होती. तिच्या दोन्ही चाकांत हवा नव्हती, याचा फ्रेमवाल्यांना भारी राग यायचा.

खालच्या भिंती काढून त्या जागी लोखंडी तुळया बसवायच्या, असं काम होतं. ते सुरू होण्याआधी इंजिनिअर बाई वर आल्या. तरुण, बोलायला गोड, पण कामात चोख. खोल्यांतल्या, जिन्यातल्या सगळ्या जुन्या तड्यांवर त्यांनी काचेच्या अरुंद पट्ट्या आडव्या बसवल्या. दोन्ही टोकांना प्लास्टरचा गोळा, आणि काचेवर काळ्या पेनाने तारीख. पट्ट्या त्यांनी फ्रेमवाल्यांकडूनच कापून घेतल्या होत्या.

"भिंत जराही हलली तर काच तुटेल," बाईंनी जिन्यात जमलेल्या लोकांना समजावलं. "काच शाबूत आहे तोवर निवांत झोपा. तुटली तर लगेच मला सांगायचं, मी काम थांबवीन."

"आणि आमचं काय कराल?" फ्रेमवाल्यांनी विचारलं.

"तुम्हाला काही दिवस बाहेर राहावं लागेल. इमारत पक्की झाली की परत या."

काही दिवस बाहेर राहणं म्हणजे काय, ते सगळ्यांनी शेजारच्याच इमारतीत पाहिलं होतं. तिथली माणसं दुरुस्तीपुरती म्हणून बाहेर पडली होती. दुरुस्ती झाली, खिडक्यांत कुंड्या आल्या, दाराशी गणवेशातला पहारेकरी आला. जुनं माणूस मात्र एकही परत आलं नाही. फ्रेमवाल्यांचा घड्याळजी मित्र आता शहराच्या पार टोकाला राहायचा आणि भेटला की इकडच्याच गोष्टी विचारायचा.

म्हणून काम सुरू झाल्यावर लगेचच जिन्यातली पहिली पट्टी तुटली, तेव्हा फ्रेमवाल्यांनी ती कुणी बघायच्या आत काढली आणि दुसरी बसवली. त्यात अवघड असं काहीच नव्हतं. काच त्यांचीच, प्लास्टर सगळीकडे मिळतं. बाईंचं अक्षर तेवढं गिरवावं लागलं. ते रद्दी कागदावर तारीख लिहून बघत बसले, आकड्याचं शेपूट बाईंसारखं डावीकडे वळेपर्यंत. एकदा तुटली म्हणजे काय झालं, त्यांनी स्वतःला समजावलं. जुनी भिंत आहे, थोडं अंग चोरलं असेल.

मग दुसरी तुटली. मग त्यांच्या राहत्या खोलीतली, नातीच्या पलंगावरची.

तीही त्यांनी बदलली. संध्याकाळी ते बायकोला म्हणाले, "पोरीला काही दिवस तिच्या मावशीकडे पाठवू. इथे धूळ फार उडतेय."

"धूळ काय आजच उडायला लागली?" बायको म्हणाली. "आणि माझ्या नाकात नाही का जात ती?"

"तू मोठी आहेस."

"म्हणजे मी खोकून मेले तरी चालेल." एवढं बोलून ती हसली, पण नवऱ्याकडे बघता बघता तिचं हसू मावळलं. नात मावशीकडे गेली. बायकोने पुन्हा काही विचारलं नाही.

त्यानंतर फ्रेमवाल्यांची भूक मेली. खालचे मजूर दुपारी जेवायला बसले की ते स्टूल घेऊन निघत आणि इमारतीत फिरून तुटलेल्या पट्ट्या बदलत. कुणी विचारलंच तर म्हणत, "पुसून घेतो, धूळ बसली की दिसत नाही." लोकांना त्यांचं कौतुक वाटायचं. आणि पट्ट्या तुटतच होत्या. भिंत किती हललीय, हे अख्ख्या इमारतीत एकट्या फ्रेमवाल्यांना ठाऊक होतं. बाई दर आठवड्याला यायच्या, सगळ्या पट्ट्या निरखून बघायच्या आणि समाधानाने खाली जाऊन पुढचं काम काढायला सांगायच्या. त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघताना फ्रेमवाल्यांच्या तोंडाशी शब्द यायचे. मग डोळ्यांसमोर घड्याळजी यायचा, आणि ते शब्द गिळायचे.

वरच्या मजल्यावर कपडे शिवणारी एक बाई दोन मुलांना घेऊन राहायची. नवरा ट्रकवर, महिन्यातून कधीतरी उगवायचा. एके दिवशी ती धाकट्याला कडेवर घेऊन खाली आली.

"काका, दुपारचं याला तुमच्याकडे निजवू का? मशीनच्या आवाजाने उठतो हो सारखा. आणि तसंही, आमच्या भिंतीपेक्षा तुमची भिंत बरी."

"बरी कशी?" फ्रेमवाल्यांनी दचकून विचारलं.

"तुम्ही रोज काच पुसता ना. काही झालंच तर सगळ्यात आधी तुम्हालाच कळेल. मी तर मुलांना सांगते, काकांची काच शाबूत आहे, झोपा आता."

नाही म्हणायला काही कारण तर हवं, आणि असलेलं कारण सांगता येत नव्हतं. तेव्हापासून ते पोर रोज दुपारी नातीच्या रिकाम्या पलंगावर झोपू लागलं. फ्रेमवाले दुकानात बसून दारातून त्याच्याकडे बघत राहायचे. एकदा त्यांनी पलंग हळूच ओढून भिंतीपासून लांब केला. बायको बघत होती.

"आपली पोर पाठवलीत, आणि हिचं पोर आणून तिथे निजवलंत," ती दबक्या आवाजात म्हणाली. "मी काही आंधळी नाही. सांगून टाका त्या इंजिनिअर बाईंना."

"सांगितलं तर उद्या रस्त्यावर येऊ."

"रस्त्यावर तर रस्त्यावर. जिवंत तर असू."

"आता थोडंच राहिलंय," ते अजिजीने म्हणाले. "शेवटची भिंत काढली, तुळई बसली, की संपलं सगळं. मग भिंत हलायची थांबेल."

हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पण दुसरं धरून राहण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

शेवटची भिंत काढायची त्या दिवशी सकाळपासून दुकानाचं दार लागेना. वरच्या कोपऱ्यात चौकट दाबली जात होती. फ्रेमवाल्यांनी खांदा लावून ढकललं, दार कण्हलं आणि अर्ध्यातच अडकलं. जिन्यातल्या, वरच्या मजल्यावरच्या, सगळ्या पट्ट्या त्यांनी सकाळीच बदलून ठेवल्या होत्या, कारण बाई येणार होत्या. राहिली होती ती फक्त नातीच्या पलंगावरची. शिवणवालीचं पोर आज लवकरच येऊन झोपलं होतं. त्यांनी स्टूल ठेवलं, जुने तुकडे काढले, प्लास्टर लावलं आणि नवी पट्टी दाबून धरली. खालून घणांचे ठोके येत होते. प्लास्टर वाळायची वाट बघत ते पट्टीवर दोन बोटं टेकवून उभे होते, आणि बोटांखालीच काच तुटली.

आत्तापर्यंत पट्टी त्यांच्या पाठीमागे तुटायची. आज ती त्यांच्या हाताखाली, बसवता बसवता तुटली. तड्यातून बारीक वाळू सरसरत खाली आली आणि थांबेचना. स्टुलावरून ते उतरले की पडले, त्यांनाही सांगता आलं नसतं.

"पोराला उचल!" ते बायकोवर ओरडले. "उचल आणि बाहेर जा!"

जिन्यात येऊन ते बेंबीच्या देठापासून ओरडायला लागले. "बाहेर पडा! सगळे बाहेर पडा! भिंत येतेय!"

दारं उघडली. माणसं बाहेर आली आणि आधी त्यांनी काय पाहिलं असेल, तर जिन्यातली काच. स्वच्छ, अखंड, तारखेसकट.

"काका, काच तर शाबूत आहे," शिवणवाली वरून वाकून म्हणाली. तिचा आवाज समजूत घालण्याचा होता.

गलका ऐकून खालून मुकादम आला, मागोमाग इंजिनिअर बाई. मुकादम हसत होता. "काय हो, स्वप्न पडलं का दिवसाढवळ्या?"

"काम थांबवा," फ्रेमवाले धापा टाकत म्हणाले. "बाई, पाया पडतो, थांबवा."

बाईंनी जिन्यातली पट्टी निरखली. "ही मीच बसवलेली आहे. हे बघा, माझंच अक्षर. कुठेही तुटलेली नाही."

"ती माझी आहे."

"म्हणजे?"

फ्रेमवाल्यांनी बाईंच्या खिशातला काळा पेन ओढून घेतला आणि भिंतीवरच, सगळ्यांच्या देखत, तीच तारीख लिहिली. शेवटच्या आकड्याचं शेपूट डावीकडे वळवलं. "सगळ्या माझ्या आहेत," ते म्हणाले. "तुमची एकही उरली नाही. तुमच्या सगळ्या कधीच तुटल्या."

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. मुकादमाकडे वळून त्या एवढ्या जोरात ओरडल्या की खालचे घण जागच्या जागी थांबले. मग मुकादमाचंही हसू गेलं.

माणसं जिना उतरली, हाताला लागेल ते घेऊन. कुणी औषधांची पिशवी, कुणी नुसती उशी. शिवणवाली मशीन उचलायला वळली, तिला बाईंनी दंडाला धरून खाली आणलं. फ्रेमवाले सगळ्यात शेवटी निघाले. डोक्यावरच्या छताकडे बघायची त्यांची हिंमत झाली नाही. जिना उतरत असताना त्यांच्या खोलीत काहीतरी मोठं, जड कोसळलं आणि धुळीचा लोट पायऱ्यांवरून त्यांच्या मागे धावत आला.

पलीकडच्या फुटपाथवर, कॉफीच्या दुकानासमोर सगळे उभे राहिले. मजूर खाली लोखंडी टेकू लावत होते. इमारत उभीच होती. फ्रेमवाल्यांच्या घराची आतली भिंत तेवढी खचून नातीच्या पलंगावर आली होती. पलंग ओढून लांब केला होता, पण तेवढा लांब नव्हता. परत कधी यायचं, असं कुणीतरी बाईंना विचारलं. त्या मजुरांना अजून टेकू आणायला सांगत राहिल्या.

फ्रेमवाले त्या दुकानाच्या पायरीवर बसले होते. शिवणवाली थोरल्याचा हात धरून त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"कधीपासून बदलत होतात, काका?"

"काम सुरू झालं तेव्हापासून."

"नातीला मावशीकडे पाठवलंत, ते त्याच्या आधी का नंतर?"

खोटं बोलायचं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं. "नंतर," ते म्हणाले.

"आणि तरी माझ्या पोराला तिथे झोपू दिलंत."

ती ओरडली असती, चारचौघांत तोंडात मारली असती, तरी त्यांना बरं वाटलं असतं. ती त्यांच्याकडे नुसती बघत राहिली. शेवटी फ्रेमवाल्यांनीच मान खाली घातली. बायको शेजारी उभी होती. धाकटं पोर तिच्या खांद्यावर डोकं टाकून अजून झोपेतच होतं. शिवणवालीने त्याला तिच्याकडून काढून घेतलं आणि ती थोडी लांब जाऊन उभी राहिली.