शेडच्या आडोशाचा मोजा

मी एक जुना मोजा आहे. पायातला नव्हे, मित्रांनो! देवळीजवळच्या लहानशा धावपट्टीवर, वारा कुठून येतो ते विमानांना दाखवणारा, खांबावरचा नारिंगी-पांढरा कापडी मोजा. प्रेमदास शिंप्याने मला शिवलं. चौकीदारीसोबत वायरलेसही सांभाळणारे लहानूभाऊ सकाळी आधी मला बघत, मग चहा पीत. कुंपणापलीकडे तूर उफणणारी भागीरथाबाईही माझ्याकडे बघूनच सूप धरायची. माझा तोरा काय सांगावा!

मग माझ्या शेजारीच विमानांची उंच शेड उभी राहिली. पाठोपाठ सुरभी इंजिनियर नियमांचं पुस्तक घेऊन आली. मोजा म्हणे इमारतीपासून दूर, मोकळ्यावर हवा, वरून स्पष्ट दिसायला हवा. तिने मैदानात नवा मोजा लावला, त्याच्याभोवती पांढरं वर्तुळ आखलं आणि मला उतरवायला सांगितलं. लहानूभाऊंचं मन झालं नाही, म्हणून मी राहिलो. पण ते वर्तुळ बघून माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. मला कधी कुणी चुन्याचं बोट तरी लावलं होतं का?

एका दुपारी शिकाऊ वैमानिक माधवी पहिल्यांदाच एकटी विमान घेऊन आली. वायरलेसवर तिने वारा विचारला. लहानूभाऊंनी सवयीने माझ्याकडे पाहिलं. नव्याकडे नाही, माझ्याकडे! मी ऐटीत फुगलो.

"वारा पश्चिमेचा हाय, मॅडम," त्यांनी कळवलं.

तोच भागीरथाबाई कुंपणाशी धावत आली. "लहानूभाऊ, त्या जुन्याले काऊन पाहून राह्यले? त्याले पाहून सूप धरलं, तं सारा भुसा माह्या तोंडावर आला! वारा पूर्वेचा हाय!"

लहानूभाऊंनी नव्याकडे पाहिलं. तो पूर्वेचाच वारा दाखवत होता. त्यांनी घाईने वायरलेस उचलला. "मॅडम, उतरू नका! दुसऱ्या टोकाकून या!"

विमान पुन्हा वर गेलं, वळलं आणि सुखरूप उतरलं. पाठीशी वारा घेऊन उतरलं असतं, तर आखूड पट्टी संपून नाल्यात गेलं असतं. शेडला आपटून उलटा फिरलेला वारा मी खरा मानला होता.

मित्रांनो, हेवा अजून गेलेला नाही. ते वर्तुळ आजही डोळ्यांत सलतं. पण जुन्याची माया आहे म्हणून त्याला चुकीच्या जागी ठेवू नका. मला जपायचंच असेल, तर इथून उतरवा आणि भागीरथाबाईच्या वावरात बांधा. तिथे शेड नाही. तिथे मी खरं सांगेन.