डॉट नसलेलं नाव

जुनंच नाव ठेवता येणार नाही का, असं ऑफिसचं नेटवर्क सांभाळणाऱ्या श्यामकांतनं पुन्हा विचारलं, आणि रुचितानंही न चिडता पुन्हा तेच उत्तर दिलं. "नाही होणार, अंकल. बिल्कुल नाही."

रुचिता म्हणजे नोएडाच्या कंपनीनं पाठवलेली इंजिनीअर. दिल्लीच्या मुनिरक्यात वाढलेली, तिचं मराठी अर्धं हिंदीत बुडालेलं. या सरकारी ऑफिसातला जुना सर्व्हर काढून नवा बसवायचा, एवढंच तिचं काम. पण जुन्या नेटवर्कचं, म्हणजे डोमेनचं, नाव होतं नुसतं 'नीरजा'. नव्या प्रणालीला असं एकटं नाव चालत नाही. नावापुढे डॉट हवा, डॉटनंतर खात्याचं नाव हवं.

"मग आता लावू की डॉट! हाय काय अन् नाय काय."

"त्याच नावावर मेल सर्व्हर बसलाय ना. आता ते बदलताच येत नाही."

"बरं, मग नवं डोमेन करू. त्याचंही नाव नीरजाच ठेवू, डॉट लावून."

"दोघांचं छोटं नाव, म्हणजे डॉटच्या आधीचं, एकच असलं तर ते एकमेकांना ओळखत नाहीत, अंकल. मग इकडचं सामान तिकडे हलवणार कसं? आणि नवं नाव हेड ऑफिसनं आधीच ठरवलंय. चलो, एक नावच तर आहे."

एक नावच तर आहे म्हणे! पण त्या पोरीला काय बोलणार? तिला कुठं काय माहीत होतं!

माहीत कुणालाच नव्हतं. रोज सकाळी अख्खं ऑफिस पासवर्ड टाकताना स्क्रीनवर ते नाव वाचायचं. जुने साहेब भाऊसाहेब तर ठासून सांगायचे की हे कुठल्याशा योजनेचं लघुरूप आहे. श्यामकांत मान डोलवायचा, "असेल साहेब."

बऱ्याच वर्षांपूर्वी श्यामकांतला मुलगी झाली होती. करोल बागेतून पाळणा आणला होता, नागपूरहून बहीण अहिल्या यायची होती. बारशाला आत्यानं बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगायचं, तोवर ते गुपित ठेवायचं, अशी त्यांच्या घरची रीत. म्हणून त्यानं नाव ठरवलं ते फक्त बहिणीला फोनवर सांगितलं, बायकोला नाही. चंद्रप्रभा किती मागे लागली होती! "अहो, मला तरी सांगा." हा पठ्ठ्या नुसता हसायचा. आणि बारशाच्या आधीच लेक गेली. पाळणा परत गेला. नंतर चंद्रप्रभानं नाव विचारलं नाही, यानंही सांगितलं नाही. सांगायचं कुठल्या तोंडानं? पुढे अहिल्याही गेली.

लेक गेली त्याच महिन्यात ऑफिसचं नेटवर्क उभं करायचं काम त्याच्याकडे आलं. स्क्रीननं विचारलं, नाव काय? त्यानं लिहून टाकलं. नावापुढे डॉट लावा, नाहीतर पुढे अडचण येईल, असा इशाराही आला होता. त्यानं तो वाचला आणि बाजूला सारला. माझ्या लेकीच्या नावाला खात्याचं शेपूट कशाला? तिला वाढवता आलं नाही, निदान नाव तरी तिचं एकटीचं असू दे. त्याच हट्टापायी आता ते नाव नव्या घरात जाणार नव्हतं. रडावं तरी कुणापुढे?

सगळी मशीनं नव्या डोमेनवर गेली. शेवटी जुना सर्व्हर कायमचा बंद करायला श्यामकांतचाच पासवर्ड लागला. नियमाप्रमाणे डिस्काही पुसायच्या होत्या, आणि बॅकअपच्याही. रुचिता म्हणाली, "मी करते, अंकल." त्यानं तिला बाजूला केलं आणि आपल्या हातानं बटण दाबलं. दुपारी शेजारच्या टेबलावरच्या गुणवंतनं लॉगिन केलं, नवं नाव दिसलं, आणि तो चहा आणायला निघून गेला. कुणी काही विचारलं नाही.

संध्याकाळी सरोजिनी नगरच्या क्वार्टरात श्यामकांत बूट न काढताच बसून राहिला. चंद्रप्रभा पाणी घेऊन आली. "बरं वाटत नाहीये का?"

आणि त्याचा बांध फुटला. लेकीचं नाव त्यानं सांगितलं, ते ऑफिसच्या नेटवर्कला दिल्याचंही सांगितलं. ते आज पुसून टाकल्याचं मात्र सांगितलं नाही.

चंद्रप्रभा मटकन खाली बसली.

"नीरजा," ती म्हणाली. मग पुन्हा एकदा म्हणाली. मग तिचा आवाज चढला. "इतकी वर्षं परके लोक रोज वाचत होते? आणि मी तिची आई! मला तिला हाक मारायला नावसुद्धा नव्हतं हो. मी मनात नुसतं बाळ, बाळ करत राहिले."

"चुकलं माझं."

ती बराच वेळ रडली. मग तिनं पदरानं तोंड पुसलं. "उद्या मला ऑफिसात न्या. एकदा बघू दे ते नाव. मी कोपऱ्यात उभी राहीन, कुणाला काही बोलणार नाही. न्याल ना?"

श्यामकांत खाली वाकून बुटाची नाडी सोडू लागला. ती उठली, कपाटातून निळी साडी काढली आणि सकाळसाठी खुर्चीवर ठेवली.