सुताराची मुलगी आणि नऊ ठोकळे

मी एक जुना लाकडी ठोकळा आहे, मित्रांनो, आणि आजवर कित्येक मुलांची बुद्धी मी मोजली आहे. मोजली म्हणजे, मी टेबलावर पडून राहिलो. मोजायचं काम बाई करतात; घड्याळ त्यांच्याकडे असतं.

आम्ही नऊ भावंडं. कारखान्यात एकाच फळीतून कापले गेलो. काही बाजू लाल, काही पांढऱ्या, काही तिरप्या रेघेने अर्ध्या-अर्ध्या रंगलेल्या. मग एका पेटीत बसून या बाईंकडे आलो. बाई मानसशास्त्रज्ञ आहेत. त्या पुस्तिकेतलं एक चित्र दाखवतात, मूल आम्हाला जुळवून तसंच चित्र करतं, आणि अशा सगळ्या खेळांवरून मुलाला नेमकं कुठे अडतं ते बाईंना कळतं. कौतुक होतं ते मुलाचं. ठोकळ्याला ‘छान’ म्हणायची पद्धत नाही. एका मुलाने मला चावून पाहिलं होतं, तेवढीच काय ती जवळीक.

माझं कौतुक आयुष्यात एकदाच झालं. ते एका सुताराने केलं.

तो मुलीच्या तपासणीची वेळ ठरवायला आला होता. मुलीला घरी खिट्टी म्हणत. बोलायला चुणचुणीत, पण पुस्तक उघडलं की अक्षरं काही तिच्यासमोर जागेवर उभी राहायला तयार नसत. शाळेने सांगितलं होतं, महिनाअखेर तपासणीचा अहवाल आणा. अडचण काय ते त्यात लिहिलेलं असलं, तर तिला शिकवायला वेगळी शिक्षिका देऊ. नाहीतर आमच्याकडे तिचं जमणार नाही. सुताराने यातला ‘अहवाल’ हा शब्द ऐकला आणि तो चांगलाच असायला हवा, असं मनाशी धरलं. अहवाल चांगला नसावा म्हणून कोण बाप पैसे भरतो?

“फी आधी भरावी लागते, काका,” काउंटरवरची ताई म्हणाली आणि तिने आकडा सांगितला.

सुतार जरा वेळ भिंतीवरच्या हसऱ्या मुलांच्या चित्राकडे बघत राहिला. “एवढ्यात अख्ख्या खोलीची दारं-खिडक्या होतात, ताई.”

“खोलीचा अहवाल मिळत नाही, काका.”

“तेही खरंच.”

दोन-चार दिवसांनी तो सगळी रक्कम घेऊन आला. “विजेचा रंधा विकला,” कोणी न विचारताच त्याने सांगितलं. “तसाही फार आवाज करायचा.”

बाईंची खोली त्या दिवशी झाडायला काढली होती, म्हणून आमची पेटी काउंटरवर होती. एरवी ती कुलपात असते. ताई पावती आणायला आत गेली. सुताराने मला उचललं, एक डोळा मिटून माझी कड पाहिली, अंगठा फिरवला आणि हळूच म्हणाला, “लाकूड चांगलं आहे. काटकोनसुद्धा बरोबर.”

मित्रांनो, मी विरघळलो. मग त्याने बोटाने माझं माप घेतलं, खालची पुस्तिका उघडली आणि एकेका पानाचा फोटो काढला. चोरासारखा नाही. कुणाकडची खुर्ची आवडली की तो तसाच फोटो काढत असणार.

तपासणीच्या दिवशी आईने खिट्टीला दारापाशी सोडलं. “घाबरायचं नाही. येतंय तुला सगळं.”

बाईंनी आम्हाला टेबलावर मांडलं. पहिलं चित्र खिट्टीने बघता बघता केलं. दुसरंही. आमची बाजू कुठे वळवायची ते तिची बोटं तिला विचारतच नव्हती. तिसरं झालं. बाई पान उलटायला गेल्या, तेवढ्यात खिट्टीने पुढचं चित्रही जुळवून टाकलं. ते तिला अजून दाखवलंच नव्हतं.

“हे झालं. पुढचं करू?”

बाईंनी घड्याळ थांबवलं. “हे चित्र कुठे पाहिलंस, बाळा?”

खिट्टीने ओठ घट्ट मिटले. मग म्हणाली, “बाबा म्हणाले, सांगायचं नाही.”

आईबाबांना आत बोलावलं. “काही चुकलं का तिचं?” सुताराने विचारलं.

“एकही नाही.”

“मग पास झाली.” त्याचा चेहरा असा उजळला की बाईंनी आधी पुस्तिका मिटून बाजूला ठेवली.

“ही पास-नापासाची परीक्षा नव्हती हो. तिला अडतं कुठे, तेच बघायचं होतं. पाठ करून आलेल्या मुलीबद्दल मी काय लिहू? हा अहवाल शाळा धरणार नाही. आणि ही तपासणी वर्षभर पुन्हा घेता येत नाही.”

सुताराने खिशातून एक ठोकळा काढून माझ्याशेजारी ठेवला, जणू त्याने काही सिद्ध होणार होतं. रंधा नव्हता, त्यामुळे हाताने घासून केलेला. एक सूत इकडेतिकडे नाही. माझा कोपरा झिजलेला, रंग उडालेला. नवख्या माणसाने नकली मलाच म्हटलं असतं.

“रोज बसवलं तिला, मॅडम,” तो म्हणाला. “शाळेत काहीच येत नाही म्हणतात. म्हटलं, एका तरी ठिकाणी तिला सगळं यावं.”

खिट्टीने बापाची बाही ओढली. “बाबा, मी हळू करायला हवं होतं का?”

“नाही गं. तू बरोबर केलंस.”

“अहो, चला,” आई म्हणाली. तिने खिट्टीच्या बुटाचा बंद बांधला. तो आधीच बांधलेला होता.

बाईंनी शाळेला फोन केला. शाळेने सगळं सहानुभूतीने ऐकून घेतलं आणि महिनाअखेर खिट्टीचं नाव कमी केलं.

मित्रांनो, ठोकळ्याने उपदेश करू नये, पण एक सांगतो. जे येत नाही, ते तसंच दिसू द्या. लपवलंत तर मदतीला आलेल्या माणसालाही ते सापडत नाही. आणि घरच्या मोठ्यांना सांगा, तपासणीआधी आमच्याकडून तयारी करून घेऊ नका, नुसते बाहेर बसून राहा. मला माहीत आहे, ते जास्त अवघड आहे.

वर्ष पूर्ण झालं तेव्हा बाईंनी खिट्टीसाठी सकाळची वेळ राखून ठेवली, फी न घेता. ताईने फोन लावला. तो नंबर आता दुसऱ्याच कुणाचा होता. अकरा वाजता ती वेळ दुसऱ्या मुलाला दिली.