नंबराची कोरी जागा

गवत कापताना मालकांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, बोटाला फुरसं चावलं. मी त्यांना बांधावर बसवलं, हात हलवू नका म्हटलं आणि मोबाईल काढला.

पाली गावाच्या वरच्या अंगाला आमची वाडी. तिच्यासाठी माझ्या सुनेनं, प्रेरणानं, मोबाईलवर एक सोय केली आहे. 'जीप बोलवा' हे बटण दाबलं की ज्या जीपवाल्याचा त्या दिवशी वार असेल त्याला निरोप जातो. पाच जणांनी वार वाटून घेतले आहेत.

मी बटण दाबलं. पान पांढरं झालं आणि त्यावर अक्षरं आली. मी साठीनंतर वाचायला शिकले, त्यामुळे अक्षराखाली बोट धरल्याशिवाय पुढं सरकत नाही. वाचलं : 'निरोप पोचला नाही. चूक तुमची नाही. वाट बघत बसू नका. आजच्या जीपवाल्याला फोन करा.'

हे शब्द माझेच. निरोप धाडणारं यंत्र बंद पडलं की पूर्वी तिथं इंग्रजी यायचं. मग प्रेरणानं लिहिलं, 'क्षमस्व, काहीतरी चुकले आहे.'

"कोण चुकलं गं?" मी विचारलं होतं. "आमच्यासारख्याला वाटंल आपलंच बोट वाकडं पडलं. लाजून गप बसंल माणूस."

"मग तुमी सांगा आत्या, मी लिहिते."

आता शब्द होते, पण खाली नंबराची जागा कोरी होती. पुन्हा दाबलं. कोरीच. सूज मनगटापर्यंत चढली.

"काय म्हणतंय तुझ्या सुनेचं यंत्र?"

"तुमी बोलू नका म्हणतंय."

आज वार कुणाचा, आठवेना. आठवला तो गोरखच्या जीपच्या पाठीवर रंगवलेला नंबर. आकडे मी त्याच्यावरच शिकले होते; जीप थांबली की मागं उभी राहून वाचायचे. दहाही आकडे दाबले.

"आज वार आनंदरावचा हाय की, काकी."

"मेल्या, वार काय बघतोस! मालकांना फुरसं चावलंय."

 फोनमध्ये जीप सुरू झाल्याचा आवाज आला.

पाचव्या दिवशी मालक दवाखान्यातून घरी आले. प्रेरणा लॅपटॉप घेऊन बसली होती, तोंड उतरलेलं.

"आत्या, नंबरांची यादी त्याच यंत्रात व्हती. यंत्रच पडलं, तर पानाला नंबर देणार कोण?"

"मग जीपवाल्यांवानी कर. पानावरच रंगवून टाक. पाची नंबर."

तिनं पाचही नंबर हातानं पानात लिहिले आणि मुद्दाम यंत्र बंद पाडलं. "दाबा आत्या."

दाबलं. पांढरं पान, माझे शब्द आणि खाली पाच ओळी. मी एकेक आकडा मोठ्यानं वाचत गेले. मालक डाव्या हातानं त्यांच्या मोबाईलवर नंबर लावत गेले. चार जणांनी उचलला. पाचवा वाजतच राहिला. प्रेरणाचा हात लॅपटॉपवर तसाच थांबला.

"कुणाला चावलं, तात्या?" शेवटी फोन उचलून आनंदराव धापा टाकत बोलला.

"कुणाला न्हाई," मालक म्हणाले. "चहाला ये."